अंगठ्याचा दाब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. ज्या बहिणीपाशी मी सासूच्या सगळ्या कागाळ्या केल्या, तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कदाचित यासाठीही, की आता मला सांगायला वेळ आहे.

मनावर फार ओझं झालंय म्हणून बोलतेय, असं वाटून घेऊ नका. मी मजेत आहे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. मीरा रोडला सहाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, सकाळी चहा हेच करतात, मी गॅलरीत बसून आयता पिते. मुलगी अंधेरीला नोकरी करते, तिचं बरं चाललंय. गुडघा सोडला तर तक्रार करावी असं काही नाही. म्हणजे बघा, शिक्षा वगैरे काही झालेली नाही मला. उलट झालंय ते सगळं चांगलंच झालंय.

तेच तर सांगायचंय.

मीरा रोडलाच, हाटकेश भागात, गाळ्यांच्या ओळीत आमची कंपनी होती. स्टीलचे जेवणाचे डबे बनवायची. मी तिथे क्वालिटी बघायचे, एकोणीस वर्षं. डबा म्हणजे काय, दिसायला सोपा. पण वरण सांडलं नाही पाहिजे — सगळा खेळ तेवढाच. झाकणाच्या आतून एक खाच असते, त्या खाचेत सिलिकॉनची रिंग बसते, आणि ती रिंग डब्याचं तोंड धरून ठेवते. झाकण आम्ही करायचो. रिंग बाहेरून यायची.

मालक किरीटभाई. माणूस सरळ, पण क्वालिटी म्हटलं की कपाळाला आठ्या. "मॅडम, मोजमाप करून डबा विकला जात नाय," असं म्हणायचे. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला. मी सांगायचे, स्वस्तातला खराब माल शेवटी महागात पडतो. परत आलेल्या डब्यांचं भाडं, ते उघडून पुन्हा करायची मजुरी, फेकून द्यायचा पत्रा — आणि दुकानदाराच्या मनातून उतरलेलं नाव, ते कशात धरायचं? हळूहळू त्यांना पटलं. मग मी तक्ता सुरू केला. दर सहा महिन्यांनी सगळ्या पुरवठादारांना गुण द्यायचे. माल कसा, वेळेवर येतो का, भाव काय, चूक दाखवली तर सुधारतात का. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. ऑफिसबाहेर लावायचे मी तो, आणि मला त्याचा फार अभिमान होता. अगदी खरं सांगते, फार.

त्या तक्त्यात पहिला नंबर कायम पास्कलभाऊंचा असायचा. रिंगा त्यांच्याकडून यायच्या.

पास्कलभाऊ तारोडीचे, उत्तनच्या बाजूचे. आमच्याच ओळीत टोकाला त्यांचा छोटा गाळा होता. दोन मशिनं. स्वतः रिंगा काढायचे, बायको फिलोमिना स्टुलावर बसून त्यांच्या कडा साफ करायची. रिंगांचा साचा त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेला — कानस मारत, तपासत, परत कानस मारत. गुण लागले की हेल्मेट काखेत धरून तक्त्यासमोर उभे राहायचे. वाचायचे, मान हलवायचे, जायचे. नाताळात करंज्यांचा डबा यायचा — तोही आमच्याच कंपनीचा, त्यांच्याच रिंगेचा.

आता त्या दिवसाकडे येते.

झाकणाची डाय दुरुस्तीहून परत आली होती. डाय म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारा लोखंडी ठोकळा. दुरुस्त डायवर निघालेला पहिला नग घ्यायचा, सात ठिकाणी मोजायचा, खाचेची खोली तर दोनदा — मग सही, आणि मगच मशीन पुढे चालू. हा नियम मीच लिहिला होता. भिंतीवर चिकटवला होता. माझ्याच अक्षरात.

त्या दिवशी आम्हाला फ्लॅटची चावी मिळणार होती. बिल्डरच्या ऑफिसात एकच्या आत बोलावलं होतं. मी पहिला नग हातात घेतला, उजेडात फिरवून बघितला, छान दिसला. सही केली. निघाले.

रिकाम्या हॉलमध्ये आम्ही तिघांनी जमिनीवर बसून वडापाव खाल्ला. मुलगी या खोलीतून त्या खोलीत नुसती धावत होती. माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस कोणता विचारलंत तर मी तोच सांगेन, आजही.

ही सबब आहे का? नाही. मोजायला दहा मिनिटं लागली असती. चावी काही पळून जात नव्हती.

तीन आठवड्यांनी डबे परत यायला लागले. आधी पेटीभर, मग टेम्पोभर. शाळेची दप्तरं, ऑफिसच्या बॅगा, एका बाईच्या बँकेच्या फाइली — सगळ्यांवर वरण. किरीटभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, मला कारण पाहिजे. कागदावर."

मी जागेवर आले आणि पहिल्यांदा झाकणाची खाचच मोजली. का? आतून माहीत होतं म्हणूनच ना? खाच अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खोल गेली होती. रिंग आत बुडत होती, डब्याच्या तोंडाला टेकतच नव्हती. रिंगेचा काही संबंध नव्हता. डाय चुकली होती, आणि त्या डायच्या पहिल्या नगावर सही माझी होती.

तेव्हाच केबिनमध्ये परत गेले असते तर? नोकरी गेली नसती. किरीटभाई तसे नव्हते. चार शब्द बोलले असते, चार दिवस तोंड फिरवलं असतं. पण मग प्रेसवरच्या पोरींना, पॅकिंगच्या मावशींना, सगळ्यांना कळलं असतं — की 'मोजल्याशिवाय सही नाही' म्हणून सगळ्यांचा जीव खाणाऱ्या बाईने स्वतः मोजलं नव्हतं. तेवढंच. तेवढंच मला सहन होणार नव्हतं.

मी पास्कलभाऊंना बोलावणं पाठवलं.

इथवर मी जे सांगितलं त्याला लोक निष्काळजीपणा म्हणतील. तो कुणाच्याही हातून होतो. पुढचं तसं नाही.

पास्कलभाऊ आले ते पिशवीत रिंगा आणि स्वतःचा जुना व्हर्नियर घेऊनच आले. त्यांनी माझ्यासमोर मोजलं. जाडी बरोबर. दुसरी मोजली, बरोबर. "माझ्याकडं तर बरोबर येते, मॅडम," म्हणाले. भांडणाचा सूर नव्हता. खरंच कळत नव्हतं त्यांना.

मी म्हटलं, तुमचा व्हर्नियर जुना झालाय, माझ्याने बघू.

व्हर्नियर म्हणजे दोन जबडे असतात, त्यांत वस्तू धरायची आणि आकडा वाचायचा. लोखंड असेल तर कुणीही धरलं तरी माप एकच. पण सिलिकॉन मऊ. जबडे नुसते टेकवले तर खरी जाडी दिसते. अंगठ्याने जरा जास्त दाब दिला की रिंग चेपते, आणि आकडा खाली येतो. हे शिकाऊ माणसालाही शिकवतात, की मऊ वस्तू दाबून मोजायची नाही. मीच शिकवलं होतं कितीजणांना.

मी अंगठा दाबला.

फार नाही. बघणाऱ्याला दिसणारही नाही एवढाच. आकडा खाली आला. "हे बघा," मी म्हटलं. ते वाकले, डोळे बारीक करून वाचलं. मी दुसरी रिंग घेतली. परत दाबला. मग तिसरी. तीनदा — एकदाच असतं तर घाबरून झालं असं तरी म्हणता आलं असतं. तीनदा.

त्यांनी तो आकडा परत एकदा वाचला. मग स्वतःचा व्हर्नियर पिशवीत ठेवला.

"तुमचं माप खोटं कसं असंल," म्हणाले. "माझाच साचा झिजला हाय."

बघा, मला तेवढंही म्हणावं लागलं नाही. ते त्यांनीच म्हटलं.

पुढचं सगळं कागदावर नीट झालं. मी अहवाल लिहिला: रिंगेची जाडी कमी. त्या सहामाहीच्या तक्त्यात पास्कलभाऊ तळाला गेले. रिंगांचं काम वसईच्या एका पार्टीला दिलं. आणि नवीन रिंगा यायच्या आधी मी ती डाय 'नेहमीची देखभाल' म्हणून गुपचूप परत दुरुस्तीला पाठवली. या वेळी पहिला नग मी स्वतः मोजला, सातही ठिकाणी. गळती थांबली.

म्हणजे काय सिद्ध झालं? माझंच बरोबर होतं. किरीटभाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, मॅडमनी वेळेवर माणूस बदलला म्हणून कंपनी वाचली. पुढे माझं पद वाढलं. मला तेव्हा लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतंय का? मला आनंद झाला. पेढे वाटले मी.

महिनाभराने पास्कलभाऊ आले. मला वाटलं, कळलं यांना. पण ते सांगायला आले होते की साचा त्यांनी कापून टाकला. "कुणाच्या घरी परत खराब माल जायला नको." आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही दाखवलंत. मला तर दिसलंच नसतं." मी त्यांना चहा दिला. तो साचा बरोबर होता. शेवटपर्यंत बरोबर होता, आणि त्यांनी तो आपल्या हाताने कापला, माझे आभार मानले आणि चहा पिऊन गेले.

वर्षाच्या आत गाळा बंद झाला. तारोडीला भावाच्या होडीवर गेले, असं कुणीतरी सांगितलं.

मग मी स्वतःची समजूत काढत राहिले. घरचं घर आहे त्यांचं. समुद्र आहे. सिलिकॉनच्या वासात दिवस काढण्यापेक्षा ते काय वाईट? बारा वर्षं ही समजूत मला पुरली. चांगली पुरली.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी हे आणि मी उत्तनला मासे घ्यायला गेलो. बाजारात मागून हाक आली, "मॅडम!" फिलोमिना होती. सोडायलाच तयार नाही. हट्टाने घरी घेऊन गेली. पास्कलभाऊ अंगणात जाळं शिवत बसले होते. केस पांढरे, पण चेहरा हसरा, तब्येत छान. मोठी मुलगी नर्स झाली, धाकटीचं लग्न ठरलं होतं. तळलेले बोंबील, भाकरी, सरबत — आमचं पोट भरलं तरी वाढतच होते. खरंच सुखी दिसत होती माणसं. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

मग फिलोमिना हसत हसत म्हणाली, "यांचं एक खूळ हाय, मॅडम. जाळ्याचं एकेक भोक इणतात, बांबूच्या पट्टीनं मोजतात, आन मग मला हाक मारतात. बघ गं, बरोबर हाय का? कुणी हो म्हटल्याबिगर पुढं जातच न्हाय. मी नसले तर पोरींना, न्हाय तर शेजारच्यांना. पयलं असे नव्हते हे. सोताच्या हातावर भरवसाच न्हाय ऱ्हायला."

पास्कलभाऊही हसले. "एकदा चुकलो ना मी," ते म्हणाले. "मॅडमना इचार."

फिलोमिना सरबताचे ग्लास घेऊन आत गेली. आमचे हे कुंपणापाशी होड्या बघत उभे होते. आम्ही दोघंच होतो. पास्कलभाऊंनी जाळं माझ्यासमोर धरलं आणि ती पट्टी माझ्या हातात दिली.

"तुम्ही बघा बरं. तुमची नजर पक्की."

मी खाली बसले. एकेक भोक पट्टीवर धरून बघितलं. दोरा ताणला जाऊ नये म्हणून हात अगदी हलका ठेवला. दहा बघितली, वीस बघितली. सगळी एकसारखी होती.

"बरोबर आहे, पास्कलभाऊ," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

"मॅडम बोलल्या म्हंजे झालं," म्हणाले आणि पुढचा टाका घातला. लगेच. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास.

तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. मी साडीवरची वाळू झटकली आणि यांना म्हटलं, चला, उशीर होतोय.

परतताना हे म्हणाले, किती चांगली माणसं आहेत. मी म्हटलं, हो. घरी येऊन मासे साफ केले, जेवलो, मुलीशी फोनवर बोलले. त्या रात्री मला झोप छान लागली.