पार्किंगमध्ये सांगितलेल्या मॅचेस

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळपासून संत्री सोलत होते. हाफटाइमला मुलींना संत्री द्यायचं काम सीझनभर माझ्याकडे होतं. आदल्या मॅचला बिया राहिल्या म्हणून गोलकीपर कुरकुरली होती, तेव्हा या वेळी एकेक फोड उघडून बघत होते. दुपारी सेमी-फायनल होती.

मुलगी शारजाच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि टीममध्ये उजव्या बाजूने पुढे खेळायची. तिथे मुलींच्या मॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत, वडिलांनाही नाही. फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणजे व्हिडिओचाही प्रश्न नाही. या नियमाला मी नावं ठेवत नाही. टीममधल्या निम्म्या मुलींना तो होता म्हणूनच घरून खेळायची परवानगी मिळाली होती. पण आमच्या घरी त्यामुळे भलतीच पंचाईत झाली. घरात फुटबॉल कळणारा माणूस एकच, आणि तो गेटबाहेर.

नवरा वसईचा. तिथे चर्चच्या मैदानावर खेळून गुडघा घालवलेला. आता दुबईत, देरा भागातल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. मुलगी लहान असताना करामातल्या आमच्या बिल्डिंगमागे तो तिला बॉल मारायला शिकवायचा. मग शाळा वाढली, क्लास आले, बॉल सुटला. कॉलेजात गेल्यावर तिने आम्हाला न विचारता टीममध्ये नाव दिलं. तेव्हापासून त्याला एकच हवं होतं, तिला खऱ्या मॅचमध्ये एकदा बघायचं. फायनल तेवढी मोठ्या स्टेडियमवर, घरच्या सगळ्यांसमोर व्हायची. ज्यांच्या घरी ते चालत नसे त्या मुली त्या दिवशी खेळत नसत. आमची टीम कधी तिथवर पोचलीच नव्हती, आणि तिचं हे शेवटचं वर्ष.

तो शिफ्ट बदलून आम्हाला घेऊन यायचा आणि पार्किंगमध्ये थांबायचा. सप्टेंबरच्या उकाड्यातही काच खाली, कारण भिंतीपलीकडची आरडाओरड ऐकू यायला हवी.

पहिल्या मॅचनंतर मी गाडीत बसले, तसं त्याने विचारलं, “सांग.”

“जिंकलो.”

“ते ओरड्यावरून कळलं. ती कशी खेळली?”

“पळत होती.”

“आणि बॉल?”

“बॉलपण होता.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “अगं, तुला आत सोडतात आणि तू हे बघून येतेस?”

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या आणि सॉसच्या बाटल्या मांडून त्याने मला कोण कुठे उभं राहतं ते शिकवलं. मला फुटबॉलची आवड नव्हती, आजही फारशी नाही. पण काम अंगावर आलं की ते नीट करावं, एवढं कळतं. पुढच्या मॅचपासून मी फक्त तिलाच बघायला लागले. बॉल कोणत्या पायाने घेतला, आत वळली की कडेने गेली, पडल्यावर रेफ्रीकडे बघितलं की उठून पळाली. मुलगी कपडे बदलून येईपर्यंत मी सांगायचे, तो डोळे मिटून ऐकायचा. गाडी चालू असताना सांगायचं मी बंद केलं, कारण एकदा त्या नादात वळण चुकून आम्ही अजमानला पोचलो होतो. मागच्या सीटवरून मुलगी ओरडत होती, “डॅडी! आर वी मूव्हिंग टू अजमान?”

सेमी-फायनलला शेवटच्या काही मिनिटांपर्यंत बरोबरी होती. मग त्यांच्या एका उंच मुलीने कॉर्नरवरून हेडर मारला. आमच्या मुलीने त्यानंतर दोनदा कडेने मुसंडी मारली. दुसऱ्यांदा तिने मारलेला बॉल पोस्टला लागून बाहेर आला, आणि शिट्टी झाली. मी डबे गोळा केले. चोथा कुणी गवतात टाकला होता, तोही उचलला. बाहेर जायला जेवढा उशीर करता येईल तेवढा केला.

तो गाडीबाहेर उभा होता. ओरडा कुठल्या बाजूचा होता ते त्याला कळलं असणार.

“खलास?” त्याने विचारलं.

“खलास. एक-शून्य.”

“आणि ती?”

मी पोस्टला लागलेला शॉट सांगितला. उजवा पाय, धावता धावता, बॉक्सच्या कोपऱ्यावरून. त्याने परत सांगायला लावला. मी परत सांगितला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मुलगी आली. डोळे लाल होते, पण तोंड चालू होतं.

“मम्मी, स्टॉप. इट डिडन्ट गो इन.”

घरी येऊन मी डबे धुवायला घेतले. दुसऱ्या दिवसाची सुट्टी त्याने फायनलच्या आशेने महिन्याभरापूर्वीच मागून घेतली होती. ती रद्द करून कामावर जा, असं मी सुचवलं. नुसतं घरात बसून काय करणार?

“नको. फायनल बघायला जाऊ,” तो म्हणाला.

“डॅडी, आपण नाहीयोत त्यात,” मुलगी म्हणाली. अशा वेळी तिला मराठी येतं.

“माहितेय, बाय. मला बघायचंय, तू जिथे उभी राहतेस ती जागा मैदानावर कशी दिसते ते.”

ती हो म्हणाली नाही, पण मोबाइलवर अलार्म लावला.

सकाळी स्टेडियमवर वडील, भाऊ, आजोबा, सगळ्यांची गर्दी होती. मी दोघांच्या मधे बसले. दोन परक्या टीम खेळायला लागल्या. थोडा वेळ तो समोर बघत होता, पुढे झुकून, उजवीकडच्या मुलीकडे. मग त्याची मान वळली. मुलीचे पाय सीटखाली हलत होते. बॉल उजवीकडे आला की तिची टाच वर व्हायची, खांदा आत वळायचा, पास चुकला की गुडघा आपटायचा. तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. तो माझ्या पलीकडून वाकून तिच्याकडे बघत होता, मैदानाकडे नाही.

मी पर्स उचलली आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.