खंडेनवमीचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या देवासचे नाही — आणि कारण परवा गाडीला चावी लावली नि माझा हात थांबला.

तुम्ही पाहिलंय कधी? चावी फिरवली की काचेमागचे सगळे दिवे एकदम लागतात — तेलाचा, बॅटरीचा, इंजिनाचा — आणि मग विझतात. जिथं दुखतंय, तो मात्र विझत नाही. एवढं निर्जीव लोखंड, आणि खोटं बोलत नाही! अगं बाई, मला अजून नवल वाटतं.

तर... आमचं घर मराठ्यांचं, राजांच्या दरबाराबरोबर इकडे देवासला आलेलं. तलवारी कधीच गेल्या, पण खंडेनवमीची पूजा चुकत नाही. आता पुजायची ती विळी, पाना आणि गाडी. ही पूजा सासूबाईंची, म्हणजे आमच्या आईंची. त्या हळदकुंकू लावायच्या, नारळ फोडून चाकांवर चार थेंब शिंपडायच्या. त्या वर्षी गाडी नवी होती, आणि माझा उत्साह उतू चाललेला. नारळ फोडून आई नैवेद्य आणायला आत गेल्या. मला वाटलं, चाकांना काय पुजायचं, जीव तर आत आहे! मी बॉनेट उघडलं, इंजिनाला कुंकू लावलं आणि वाटीत धरलेलं नारळाचं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. बॉनेट लावून टाकलं. कुणी पाहिलं नाही.

दसऱ्याला आम्ही तिघं हाटपिपल्याला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो. गाव सुटतंय तोच गाडी थरथरायला लागली, हुडहुडी भरल्यासारखी. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मशीन जोडलं नि म्हणाला, "भिया, तीन नंबर मिस मार रहा है." इंजिनाच्या चार सिलिंडरांतलं एक गप्प बसलं, तर अख्खी गाडी हादरते — ठाऊक होतं तुम्हाला? मला नव्हतं.

त्यानं वरची कॉइल काढून प्लगचा खड्डा दाखवला. आत चिकट पाणी, कुंकू, नारळाच्या शेंडीचा एक तंतू.

यांनी आईंकडे पाहिलं. आई तेव्हा थोडं थोडं विसरायला लागल्या होत्या — दूध उतू जायचं, गोळी दोनदा घेतली जायची. "आई, तुझं ध्यान कुठं असतं गं!" हे भर रस्त्यात ओरडले.

आणि मी? मी मिठाची गुळणी धरून उभी. एक वाक्य तर होतं — मी ओतलं. कुणी फासावर देणार होतं का मला? नाही. तरी नाही बोलले.

आई म्हणाल्या, "मीच ओतलं असेल रे. आठवत नाही." खाली उतरल्या, बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले आणि गाडीची माफी मागितली. न केलेल्या चुकीसाठी कुणाला इतकं वाकताना मी कधी पाहिलं नव्हतं. तरीही गप्प!

गाडी तासाभरात बरी झाली. पाणी काढलं, प्लग बदलला, दिवा गेला. आई बऱ्या झाल्या नाहीत. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी ताट माझ्या हातात दिलं — "तू कर, सूनबाई. माझ्या हाताचा भरवसा नाही आता." मग भाजीत मीठ घातलं का, देवापाशी दिवा लावला का, सगळंच मला विचारायला लागल्या. विसरतच होत्या की, असं मी स्वतःला समजावलं. पण थोडं विसरणं वेगळं, आणि स्वतःवरचा विश्वास उडणं वेगळं. तो मी उडवला.

परवा त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी चावी फिरवली, दिवे लागले. आई हात जोडून त्यांच्याकडे बघत राहिल्या, देव्हाऱ्यापुढे बसतात तशा.

"विझला का गं तो पिवळा? मला आता काही कळत नाही. तू सांगशील ते खरं."

पिवळा खरंच विझला होता, तरी चावीवर माझा हात थांबला.

"विझला, आई," एवढंच मी म्हणाले, आणि गाडी काढली.