नुसतं ‘मग?’ म्हणायचं

मासे साफ केले की खवले चिकटतात. कितीही हात धुवा, संध्याकाळी एखादा कोपरावर सापडतो, एखादा केसांत. त्या कॉलेजच्या मुलांचे किस्से माझ्याकडे असेच राहिलेत. काढायला गेले नाही तरी हाताला लागतात.

आमचं घर मालवणजवळ, अगदी किनाऱ्याला. मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. गेल्या थंडीत तिथे पुण्याहून मानवशास्त्राची मुलं उतरली, त्यांच्या मॅडमसोबत. गावात राहून माणसांचा अभ्यास कसा करायचा, ते शिकायला! त्याला ते ‘फील्ड’ म्हणत. म्हणजे आमची पडवी, आमची विहीर, आमची सासू, सगळं फील्डच!

मला तेव्हा एकच घोर होता. माझी चिनू तीन वर्षांची झाली, पण तोंडातून एक शब्द नाही. ऐकू येतं, सांगितलेलं कळतं. डॉक्टर म्हणाले, थोडं थांबू. पण शेजारणींना कुठे थांबायचं होतं? विहिरीवर गेलं की ठरलेलं, “चेडू बोलूक लागला काय गो?”

* * *

पहिल्याच दिवशी मॅडमनी सासूला समोर बसवलं. “आजी, तुमच्या परवानगीशिवाय आम्ही काही विचारणार नाही. तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. तो तुमचा हक्क आहे.”

सासू म्हणाली, “असा? तर माका नको.”

 मग मॅडमनी चहा थंड होईपर्यंत सासूला समजावलं, की हो म्हणणं का गरजेचं आहे!

* * *

त्यांच्यातली केतकी भारी उत्साही. “ताई, आम्ही सहभागी निरीक्षण करतो. म्हणजे तुमच्यासोबत तुमचंच काम करायचं आणि बघायचं.”

मी टोपलीभर बांगडे पुढ्यात ठेवले. दोन कापले तिने. तिसऱ्याला बोट कापलं. मी हळद लावली, तिने हळदीच्या बोटाचा फोटो काढला आणि गेली खोलीत. उरलेली टोपली मी एकटीने संपवली.

म्हणजे सहभाग माझा आणि निरीक्षणही माझंच!

* * *

किनाऱ्यावर रापण ओढायची होती. मोठं जाळं असतं ते, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढून काठाला आणतात. जो दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. आमच्याकडे परक्यालाही हाच नियम.

रोहन नावाचा मुलगा वाळूत उभा राहून नुसता बघत होता. माणसं घामाने भिजलेली, माझा नवरा दोराला लोंबकळलेला. सासू ओरडली, “दोरयेक हात लाव रे!”

“नाही आजी, आम्ही हस्तक्षेप करत नसतो.”

दुपारी त्याने तीच मासळी तीन वेळा मागून खाल्ली. सासूने चौथ्यांदा वाढली आणि विचारलं, “जेवताना हस्तक्षेप चालता मां रे?”

* * *

केतकी घराण्याचा तक्ता काढत होती. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, मेलेल्यावर काट. सासूने वाकून बघितलं आणि भडकलीच.

“माझ्या घोवार काट कित्याक मारलंस गो?”

“आजी, ते वारलेत ना?”

“वारले ते तुझ्या कागदार! काल सपनात येवन माका पेज मागी होते.”

केतकीने काट काही खोडली नाही. पण पेजेचं मात्र लगेच लिहून घेतलं.

* * *

चिनू सारखी त्यांच्यात. ते पडवीत बसले की ही पायरीवर. गप्प, टक लावून. मॅडम एकदा हसत म्हणाल्या, “गप्प बसून बघणं हिच्याकडून शिका रे! ही माझी बेस्ट स्टुडंट!”

सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन उगाच घासलेलीच भांडी परत घासली.

* * *

त्याच पडवीत मॅडम मुलांना मुलाखत शिकवायच्या. “आपण बोलायचं नाही. समोर मांडी घालून बसा, त्यांच्याकडे बघा, आणि ते थांबले की नुसतं म्हणा, ‘मग?’ माणूस आपोआप बोलतो.”

खरंच बोलतो हो! माझ्यासमोर केतकी मांडी घालून, हनुवटीला हात लावून बसली, फोन रेकॉर्डिंगला लावला. “मग?” म्हणाली आणि मी सुटलेच. एवढं माझं कोणी कधी ऐकलंच नव्हतं. चिनूचं सगळं सांगितलं. विहिरीवरच्या बायकांचं, “तुझ्याच माहेरचा काय तरी आसतला” म्हणणाऱ्या सासूचं. झोपेत तरी पुटपुटेल म्हणून मी तिच्या तोंडाला कान लावते, तेही. रडले.

“मग?” केतकी म्हणाली.

“मग काय? तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्हीच सांगा, बोलेल ना ती?”

केतकीने बाजूला बसलेल्या मॅडमकडे बघितलं. मॅडम हळूच म्हणाल्या, “आपण मत द्यायचं नसतं. डेटा बिघडतो.”

रात्री जेवताना मॅडम केतकीला सांगत होत्या, “फार रिच होतं हं!” मला वाटलं, कालवणाला म्हणतायत.

* * *

ते गेले त्या दिवशी निघताना पायरीवर सगळ्यांचा फोटो झाला. मी मधे. गाडी वळली, धूळ बसली, आणि मी मागच्या दारी मासे घेऊन बसले. बाजूला कोणी नाही बघून तोंड सोडलं.

“गेले! ऐकलं, भरून घेतलं, नि गेले! माझं रडणं पुण्याला जाऊन ऐकतील. आणि मी इथे कोणाला सांगू? कोण आहे मला ऐकायला?”

आणि थांबले. विळीवरून मासा घसरला.

चिनू येऊन समोर मांडी घालून बसली होती. हनुवटीला हात लावून, माझ्याकडे टक लावून.

“मग?”

 तिने जरा वाट बघितली आणि परत, मोठ्याने, “मग?”

आतून सासू वैतागून ओरडली, “ते परत इले काय गो?”