शाळेचा तवा

बाईंनी माझ्या मुलीचा डबा उघडला, नाकाजवळ नेला आणि हुंगला. मग झाकण लावून म्हणाल्या, "ठीक आहे. जा, बस."

मी दारात उभी होते. सुमैयाची पाण्याची बाटली घरी राहिली होती, ती द्यायला मधल्या सुट्टीत गेले होते. सीनियर केजीचा वर्ग. सतरंजीवर गोल बसलेली पोरं, सगळ्यांचे डबे उघडलेले, कुणी तिखट पुऱ्या खातंय, कुणी मॅगी. आणि माझी पाच वर्षांची पोरगी टेबलापाशी, दोन्ही हातांनी डबा पुढे धरून उभी. रडत नव्हती. घाबरलीही नव्हती. रोजचं काम उरकावं तशी उभी होती. हुंगून झाल्यावर डबा घेऊन ती खिडकीखाली गेली. तिथं तिच्यासाठी वेगळी चटई होती. लहानशी, निळी.

डब्यात पोळी होती. बटाट्याची भाजी होती.

वर्गातल्या मदतनीस मावशी दाराशीच होत्या. त्यांना हळूच विचारलं, हे रोज होतं का. त्या खाली बघत म्हणाल्या, "रोज पाह्यतात जी. तुमच्याच पोरीचा. बाकीच्यायचा नाई पाहत."

आता जे सांगायची लाज वाटते ते सांगते. मी भांडले नाही. बाटली दिली, बाईंना नमस्कार केला आणि चक्क हसून म्हणाले, "मॅडम, आम्ही डब्यात तसलं काही देत नाही."

तसलं. हा शब्द माझाच. कुणी माझ्या तोंडात घातला नव्हता.

बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल नाही हो काही. पण एकाच भांड्यात करता ना सगळं? बाकीच्या पालकांना चालत नाही."

आणि मला ते पटलं. मी वलगावची. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले, अमरावतीला डी.एड. केलं. नोकरी लागली नाही, लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरात आले. मराठी चांगलं म्हणून लहानपणापासून माझं कौतुक. "तुम्ही मुस्लिम वाटतच नाही," हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल, आणि दर वेळी खुश झाले. बक्षीस मिळाल्यासारखी घरी येऊन नवऱ्याला सांगायची. आज ते आठवलं की अंगावर झुरळ फिरल्यासारखं होतं.

तर पटलं म्हणून मी काय केलं? त्याच संध्याकाळी बाजारात गेले. नवा तवा आणला, नवी कढई, नवा झारा. त्यांना मटणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही असं ठरवलं. जुनी ओढणी फाडून त्यात बांधून वरच्या फळीवर ठेवले. शाळेचा तवा. घरात नावच पडलं तसं. दुसऱ्या दिवशी बाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान केलंत. तुमच्यासारखे सगळेच असते तर."

मी फुलून घरी आले. रोज मोर्णेचा पूल ओलांडायचा, खालून नदीचा तो वास यायचा, नाकाला पदर लावूनच पुढं जावं लागायचं. शहराची घाण सगळ्यांनी मिळून नदीत सोडायची आणि हुंगायचा मात्र माझ्या पोरीचा डबा. हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा डोक्यात फक्त तवा.

एका सकाळी मला उठायला उशीर झाला. सासूबाई खिमा धुऊन उठल्या होत्या. सुमैयाला उशीर होतोय म्हणून त्यांनी हात धुतले, शाळेचा तवा काढला आणि पोळी टाकली. मी बघितलं आणि तवा त्यांच्या पुढ्यातून ओढला. पोळी खाली पडली.

त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, "मेरे हाथ भी खराब हैं क्या, बेटा?"

मी त्यांच्यादेखत तवा मोरीत नेला आणि राखेनं खसाखसा घासला. पासष्ट वर्षांची बाई. दिवसातून पाच वेळा, नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वजू करणारी. त्या हातांनी माझी दोन्ही बाळंतपणं काढली होती. त्या दिवसापासून डब्याच्या वेळी त्या स्वयंपाकघरात येईनाशा झाल्या. मी तेही चालवून घेतलं.

नवऱ्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "जाने दे. साल-दो साल की बात है, पढ़ लेगी." त्याला काय बोलायचं? मी तरी वेगळं काय करत होते?

मग एक रविवार आला. मी पुढच्या खोलीत कपडे घडी करत होते. पोरं शाळा-शाळा खेळत होती. सुमैयानं माझी ओढणी साडीसारखी गुंडाळली होती, खुर्चीवर बसली होती. बिलाल तीन वर्षांचा. त्याच्या हातात मुरमुऱ्यांची वाटी.

"दाखव," सुमैया म्हणाली.

त्यानं वाटी पुढे केली. तिनं ती नाकाजवळ नेली. हुंगली. डोळे बारीक केले, अगदी बाईंसारखे. "जा. तिकडं बस."

बिलाल दाराजवळ जाऊन एकटा बसला आणि मुरमुरे खायला लागला. त्याला ते खेळातलं वाटलं. मी विचारलं, "ये कौन सा खेल है?"

"अम्मी, बिलाल गंदा है ना," ती म्हणाली. "मैं मॅडम हूँ."

मी मोरीकडे धावले. उलटी झाली. किळस बाईंची आली, ती तर होतीच. त्याहून जास्त माझी आली. बाईंनी पोरीला शाळेत दाखवलं असेल. मी घरात रोज सकाळी फळीवरून तवा काढून शिकवलं होतं. आपण घाण आहोत, आपली दादी घाण आहे, आपला भाऊ घाण आहे, आणि यातून सुटायचं तर मॅडम व्हायचं. पाच वर्षांच्या पोरीनं धडा पक्का केला होता.

त्याच दुपारी शाळेच्या तव्यावर मी कलेजी भाजली. भरपूर लसूण घालून. सासूबाईंना हाताला धरून आणलं, पुढ्यात ताट ठेवलं, पाया पडले. त्या पोटभर जेवल्या.

सोमवारी सुमैयाचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला गेले. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. म्हणाल्या, "गैरसमज करून घेऊ नका. आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो. आणि तुम्ही तर किती शुद्ध बोलता."

मी विचारलं, "मग निळी चटई कुणाची?"

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. म्हणाल्या, "तुमच्या लोकांच्या शाळा आहेतच की तुमच्या भागात. तिथं मुलीलाही बरं वाटेल." दाखल्यावर शिक्का इतक्या झटपट मिळाला की काय सांगू.

तेव्हापासून दोघांना मीच शिकवते. सकाळी आठला पाटी घेऊन बसायचं. मराठी, गणित, थोडं इंग्रजी माझ्याकडे. तुरीचे दाणे मांडून बेरीज-वजाबाकी. अरबीचा कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, आणि उर्दू सासूबाईंकडे. बिलाल खडू खातो. एकदा सुमैयाचं सातवं गणित चुकलं तेव्हा मी पट्टी उगारली, तिनं डबा धरायची त्याच सवयीनं दोन्ही हात पुढे केले. पट्टी मी चुलीत घातली.

हे सगळं सोपं नाही. नणंद म्हणते, पोरीचं वाटोळं करतेस. आणि नात्यातले एक बुजुर्ग घरी येऊन म्हणाले, "अच्छा किया. लड़की ज़ात है, घर में ही ठीक." त्यांना चहा न देता वाटेला लावलं. माझ्या पोरीचा अपमान झाला म्हणून मी तिला घरी आणलं, तुमच्या कोंडवाड्यासाठी नाही. मला शाबासकी देणाऱ्यांचाही तितकाच वीट आला आहे.

गेल्या महिन्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका आल्या. दुसऱ्याच कुठल्या शाळेतल्या. आमच्या गल्लीत घरोघरी फिरत होत्या. ओट्यावर बसून फॉर्म काढला. सुमैया सहा वर्षांची, शाळेत जात नाही.

"मी घरी शिकवते," मी म्हणाले.

"तसा रकाना नाही." मग मला न विचारता त्यांनी कारण लिहून टाकलं. समोरून उलटं दिसत होतं, तरी वाचलं मी. 'पालकांची अनास्था. सामाजिक मागासलेपण.'

"खोडा ते," मी म्हणाले.

त्या दचकल्या. "तुम्हाले मराठी वाचता येते?"

"मी डी.एड. आहे. लिहा, शाळेत मुलीचा डबा रोज हुंगत होते, वेगळं बसवत होते, म्हणून काढली."

"असं नाही लिहिता येत ताई. वरून मला विचारतील."

"मग सही मिळणार नाही."

फॉर्म ओट्यावरच होता. मी पेन घेतलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं. शाळेचं नाव लिहिलं. खाली सही केली. त्या शिक्षिका म्हणाल्या, "शिक्षण खात्यातले साहेब बोलावतील तुम्हाले."

"येईन."

जाता जाता त्यांनी शेजारी बसलेल्या सुमैयाच्या मांडीवरची वही उचलली, पानं चाळायला लागल्या. सुमैयानं वही धरून ठेवली. म्हणाली, "पहिले विचाराव लागते. माही वही आहे."

त्या शिक्षिकांनी माझ्याकडे बघितलं. मी रागावेन, सॉरी म्हणायला लावेन, अशी वाट बघत होत्या. वर्षभरापूर्वी नक्की लावलं असतं. मी म्हणाले, "विचारा ना मग तिला."

त्यांनी विचारलं नाही. वही सोडली आणि पुढच्या घरी गेल्या.

बोलावणं अजून आलेलं नाही. येईल. मी सुमैयाला घेऊन जाणार आहे. कडेला जे लिहिलं ते साहेबांसमोर उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे, डबा हुंगणाऱ्या बाईंचं नाव घेऊन, शाळेचं नाव घेऊन. साहेबांनी ऐकलं तर ऐकलं. मला ते माझ्या मुलीला ऐकवायचं आहे.