गिटारला खिडकीची जागा

वस्तू न वापरता सांभाळण्यात माझ्या थोरल्या दिरांचा हात धरणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. दादांनी पलटणीत स्टोअर सांभाळलं होतं. आली तशी वस्तू राहिली पाहिजे, हे अंगात मुरलेलं. त्यांची टॉर्च खोक्यात असे, नवी छत्री पावसात बाहेर काढायची नाही. मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर दुकानातला कागद तसाच, त्यामुळे वेळ दुसऱ्याला विचारायचे.

या सगळ्या वस्तूंची महाराणी म्हणजे शिलाँगहून आणलेली गिटार. जाऊबाईंच्या लग्नातल्या शालूत गुंडाळलेली, त्यावर गोधडी, आणि हे सगळं काळ्या ट्रंकेत. आम्ही जाऊबाईंना आक्का म्हणतो. आक्कांना तो शालू पुन्हा नेसायला मिळाला नाही. खंडेनवमीला ट्रंक उघडायची, पण हळदकुंकू ट्रंकेला. गिटारला डाग पडला असता. माझ्या नवऱ्याला एकदा बघायची होती. दादांनी त्याला साबणानं हात धुवायला लावले, अंगठी काढायला लावली आणि मग म्हणाले, "आता लांबून बघ."

बोटांची सवय मोडू नये म्हणून ते रोज सकाळी कपडे बडवायच्या धोपाटण्यावर बॉलपेननं सहा तारा आखून सराव करत. त्या घरातल्या धुण्यावर कायम निळ्या रेघा.

नव्वद सालच्या सुरुवातीला आक्कांना कमी ऐकू यायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून दोघं साताऱ्याहून एसटीनं आमच्याकडे सांगलीला आली. सोबत गिटार. घरी एकटी ठेवायची कशी? कंडक्टरकडून तिचं पूर्ण तिकीट काढलं होतं. ती खिडकीशी, शेजारी आक्का, आणि दादा कऱ्हाडपर्यंत उभे.

"मला कवा खिडकी दिली न्हाई," आक्का मला म्हणाल्या, "आन् हिला वारं लागाय पायजे."

डॉक्टरांनी तपासलं. कानाची शीर अशक्त झालीय, म्हणाले. यंत्रानं थोडं भागेल, पण गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि राहिलेलंही हळूहळू जाईल.

घरी आल्यावर आक्कांनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, "ती गिटार येकदा ऐकवा म्हणून वीस वर्सं मी मागं लागलीया. घासंल म्हणत्यात."

मला असल्या गोष्टी मनात ठेवता येत नाहीत. जेवायला वाढतानाच मी विचारलं, "दादा, गिटार सांभाळताय ती कुणासाठी?"

"आगं, येकदा खराब झाली की परत मिळत न्हाई ही," ते म्हणाले. मग घास हातात तसाच धरून आक्कांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार घेऊन दादा मिरजेला, सतार बनवणाऱ्याकडे. मीही गेले, कारण त्यांचा भरवसा नव्हता. कारागिरानं ती उलटसुलट करून बघितली. दादा त्याच्या हातातल्या अंगठीकडे बघत होते.

"हिची दुरुस्ती काय करू? हिला काही झालेलंच नाही," तो म्हणाला. "तारा तेवढ्या गंजल्यात."

नव्या तारा लागल्या. संध्याकाळी आमच्या बैठकीत दादा मांडी घालून बसले. धोपाटण्यावर वीस वर्षं बसवलेली धून पहिल्यांदा आवाजासह वाजली आणि खरं सांगायचं तर ती भयंकर होती.

"मोठ्यानं वाजवा," आक्का म्हणाल्या.

दादांनी जोर लावला, नख घसरलं आणि पॉलिशवर चांगला बोटभर ओरखडा उठला. दादांनी वाजवणं थांबवलं.

"का थांबला?" आक्कांनी विचारलं. "लय ग्वाड लागत हुतं."

दादांनी ओरखड्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं.

मग ते रोजच वाजवू लागले. धोपाटणं धुण्याच्या दगडावर परत गेलं. आक्कांचं ऐकणं मात्र डॉक्टर म्हणाले तसंच कमी होत गेलं. शेवटी यंत्राचाही उपयोग उरला नाही. दादा वाजवत असले की आक्का गिटारच्या अंगावर पंजा पसरून डोळे मिटून बसायला लागल्या. लाकडाची थरथर तळहातातून बांगड्यांपर्यंत चढायची.

परवा खंडेनवमीला मी साताऱ्याला गेले, तर हळदकुंकू थेट गिटारला लावलेलं. आक्कांचा हात टेकतो तिथलं पॉलिश पार उडालंय आणि बांगड्यांचे चरेच चरे.

"बांगड्या तरी काढायला सांगायच्या, दादा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिला तेवढंच ऐकू येतंया."