बुवांची अळणी सूज

“फुंका बुवा, फुंका, फुंका... अजून थोडं!”

परब बुवांनी नळीत हवा सोडली आणि अर्ध्यावरच त्यांना खोकल्याची उबळ आली. कॉम्प्युटरवरचा आलेख मधेच बसला. घाटकोपरला मी छातीची डॉक्टर म्हणून बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. या पीएफटीला, म्हणजे फुफ्फुसांचा दम मोजणाऱ्या टेस्टला, भलेभले वैतागतात. पण बुवांची अडचण निराळी होती. दिवसा ते कुरियर कंपनीत सुपरवायझर आणि एरवी मालवणी भजनातले डबलबारीचे बुवा. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने गाता गाता चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परत करायचा. माघी गणपतीला त्यांची बारी ठरली होती, दीड महिन्यावर. आणि गजर वरच्या पट्टीत गेला की बुवांचा दम संपत होता.

“नाय म्हणान कळवू काय, मॅडम?” ते म्हणाले. “मधीच दम लागलो तर लोक हसतले. मग माका परत कोण बोलवतला?”

“थांबा हो. आधी टेस्ट पुरी करू.”

दम्याचा निळा पंप दिला, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. आलेख चांगला वर आला, पण पाहिजे तिथपर्यंत पोचला नाही. श्वासनळ्यांभोवती स्नायूंचे पट्टे असतात. ते आपल्या हुकमात नसतात. दम्यात ते आवळतात. निळा पंप तेवढे पट्टे सैल करतो. नळीच्या आतली सूज मात्र तशीच राहते.

घराजवळच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी दोन पंप लिहून दिल्याचं चिठ्ठीवर दिसत होतं. मी विचारलं, “नारिंगी पंप कुठाय?”

“त्यो कपाटात आसा. निळो मारल्यार पाच मिनटांत छाती मोकळी. नारिंगी दोनदा मारून बघलंय, काय एक कळणा नाय.”

“पण आत सूज आहे, असं सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“सांगितला तर! म्हणानच म्हयनोभर मी अळणी खातंय.”

मी पेन खाली ठेवलं. “काय खाताय?”

आता शेजारी बसलेल्या वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, उसळल्या. “अहो डॉक्टर, माझ्या नणंदेच्या पायाला सूज आली तेव्हा तिचं मीठ बंद केलेलं. ह्यांनी तेच धरलं. बांगड्याचं तिखलं, आणि तेही अळणी! पोरं नाक्यावर वडापाव खाऊन येतात. माझ्या स्वयंपाकाची पार वाट लागलीय!”

मला हसू आवरेना. इतक्या निष्ठेने पथ्य पाळणारा पेशंट मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. फक्त पथ्य भलत्याच रोगाचं होतं. बीपी नाही ना, एवढी खात्री करून घेतली आणि सांगितलं, “मीठ खा, बुवा. ही सूज मिठाची नाही. तिच्यातून काही रसायनं पाझरतात आणि भोवतीचा स्नायू चिडखोर होतो. मग उदबत्तीचा जरासा धूर, फोडणीचा ठसका, की तो आवळलाच. असं वर्षानुवर्षं चाललं की स्नायू जाडही होतो. निळा पंप त्या चिडलेल्याला शांत करतो. नारिंगी पंप चिडवणाऱ्यालाच हाकलतो. पण त्याला वेळ लागतो, आणि तो रोज घ्यावा लागतो. बरं वाटलं तरी.”

बुवांनी मान डोलावली. “म्हणजे मी चिडलेल्याक गप करीत होतंय, आणि चिडवणारो घरातच!”

“अगदी बरोबर.”

“पण त्यात स्टेरॉइड आसा म्हणे. आवाज बसात?”

“कधी कधी बसतो. म्हणून पंपाला ही प्लास्टिकची नळी लावून घ्यायचा आणि नंतर गुळण्या करायच्या. गुळण्या काय तुम्हाला शिकवायला हव्यात?”

बारीच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट केली. आलेख जवळजवळ नॉर्मल. वहिनींनी मला बारीचं आमंत्रण दिलं आणि मीही गेले.

समोरचे बुवा तयारीचे होते. त्यांना पंपाची बातमी कुठून तरी लागली होती. “पंपावर चालणारा बुवा” असा चिमटा त्यांनी गाण्यातच काढला आणि मंडपात हशा पिकला. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. ज्या हसण्याला बुवा भीत होते, ते हेच.

परब बुवांनी खिशातून निळा पंप काढला, सगळ्यांना दिसेल असा पेटीवर ठेवला आणि वरची पट्टी धरली. “माझ्या पंपाक डॉक्टराची चिठ्ठी; बुवा, तुमच्यात हवा कोणी भरली?” शेवटचा ‘भरली’ त्यांनी ताणला, ताणला, अजून ताणला. खोकला नाही की धाप नाही. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मीसुद्धा शिट्टी मारायची तेवढी राहिले. खरंच फार आनंद झाला.

त्याचा त्रास मला पुढच्या आठवड्यात झाला. माझ्या दारात बुवांचे चाहते आले आणि प्रत्येकाला ‘बुवांचा पंप’ हवा. मी सगळ्यांना टेस्टला बसवलं. काहींना खरोखरच दमा निघाला. लाजेपायी इतके दिवस अंगावर काढला होता. एकाची फुफ्फुसं मात्र ठणठणीत. त्याची तक्रार एवढीच की वरची पट्टी लागत नाही. त्याला सांगितलं, पंपाने श्वासनळी मोकळी होते. बेसूरपणावर माझ्याकडे औषध नाही.