पत्र्यावरचा पंजा

हौशीरामच्या तळहाताला घाम येतो आणि त्या घामाने लोखंड गंजते. कोणाच्याही घामाने थोडेफार गंजते. हौशीरामच्या घामाने रातोरात गंजते. विशीत तो तळेगावला बेअरिंगच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याने हाताळलेल्या कड्यांवर तांबडे ठसे उठू लागले. साहेब ओरडला नाही. त्याने हौशीरामला आधी पॅकिंगला टाकले, मग कँटीनला, मग घरी. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात राहिला, तर चिक्कीचा कागद बोटांना चिकटून वर यायचा आणि गिऱ्हाईक तोंड फिरवायचे. दोन-तीन कारखाने असेच झाले. शेवटी चाळिशीला टेकल्यावर गावातच, परंदवडीच्या शिवारात, गोरखशेठच्या शेडमध्ये काम मिळाले.

समुद्र घाटाखाली, पण जहाजांचे काम या शेडमध्ये चालते. मालवाहू बार्जच्या बुडाचे मोठाले भाग इथे जोडायचे, साफ करायचे, प्राइमरचा पहिला हात द्यायचा आणि ट्रेलरवर घालून कोकणातल्या गोदीत पाठवायचे. साफसफाई हौशीरामकडे. कॉम्प्रेसरच्या जोरावर नळीतून बारीक खडीचा मारा करून गंज आणि काळी खपली उडवायची, लोखंड पांढुरके पडेपर्यंत. त्यानंतर लगेच रंग, कारण मावळातली दमट हवा उघड्या लोखंडाला फार वेळ देत नाही. आणि साफ झालेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. हाताचे मीठ रंगाखाली अडकले, की पाण्यात गेल्यावर त्या जागी फोड धरतात.

हौशीरामला हे काम मानवले. डोक्यावर हवेची नळी जोडलेला टोप, अंगात जाड कातडी कोट, कोपरापर्यंत हातमोजे. त्याचा हात आयुष्यात पहिल्यांदा कोणाला दिसत नव्हता.

भाद्रपदात गोदीतून एक फोटो आला. गोरखशेठने मोबाइल सगळ्यांपुढे धरला. पाण्यात उतरवलेल्या बुडाचा रंग एका कोपऱ्यात फुगला होता. फोडांच्या त्या पुंजक्यात तळहात ओळखू येत होता, आणि वर चार बोटांची पुसट ओळ.

"आशीर्वाद दिलाय कुनीतरी," निलेश म्हणाला. तो खडीच्या टाकीचा व्हॉल्व्ह सांभाळायचा.

"हसू नगं. काम काढून घेतो म्हनत्यात ते." गोरखशेठने मोबाइल खिशात टाकला. "कुनाचा हात हाय ह्यो?"

सगळे आपापले हात पाहू लागले. हौशीराम मात्र घामाने भिजला. आडव्या पट्ट्यांच्या मागे धूळ राहिली का, हे हातमोज्यातून कळत नाही; म्हणून मोजा काढून बोट फिरवायची सवय सगळ्यांनाच होती. त्यातून मोजे फाटलेले. पण त्या कोपऱ्यात वाकून, तोल सावरायला पंजा टेकवून उभा राहिलेला माणूस तोच होता, अशी त्याची खात्री होती.

गोरखशेठने आपल्या डोक्याने तोड काढली. दुसऱ्या दिवशी एक पत्रा ताजा साफ करायचा. संध्याकाळी प्रत्येकाने त्यावर उघडा पंजा दाबायचा, खाली खडूने नाव. सकाळी ज्याचा पंजा जास्त तांबडा, तो घरी.

"भाऊ, तुझ्या हातानं तर लोखंडाला मेंदीच चढंल," निलेश सहज म्हणाला. हौशीरामला हसता आले नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला, सारिकाला, सांगितले.

"अवो, मग जाऊच नगा उद्या."

"न्हाई गेलो म्हंजे माजाच म्हनत्याल. आनि हे गेलं तर पुढं कुटं? तळेगावात कुनी गेटात घेत न्हाई."

सारिकाने थोडा विचार केला. "तुरटीच्या पान्यात हात बुडवून ऱ्हावा. माज्या आत्याच्या दिराचा घाम त्यानंच बसला."

त्याने तसे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी केले, दुपारच्या सुट्टीत केले. तळवे सुरकुतले, कोरडे ठणठणीत पडले. उतारा टिकावा म्हणून त्याने नंतर हात धुतलेही नाहीत. संध्याकाळी पाळी आली तेव्हा त्याने पंजा दाबला आणि उचलला. पत्रा कोरडा दिसला. कित्येक वर्षांत इतका कोरडा हात त्याने पाहिला नव्हता.

सकाळी सगळे पत्र्याभोवती जमले. निलेशचा पंजा फिकट. बाकीच्यांचे त्याहून फिकट. हौशीरामच्या नावावरचा पंजा गडद तपकिरी होता, कडेने पिवळट ओघळ, बोटांमधली जागासुद्धा भरून आलेली.

"च्यायला," निलेश हळूच म्हणाला.

"शेट, ह्यो घामाचा न्हाई!" हौशीरामचा आवाज चिरकला. "हात कोरडा व्हता माजा. तुरटी लावलीवती मी. तुरटीनं खाल्लंय ते."

गोरखशेठने त्याच्याकडे नीट पाहिले. "तुरटी कशापायी लावली?"

हौशीरामने पंजा पाठीमागे नेला.

"म्हंजे तुला म्हाईत व्हतं."

"शेट, मोजं फाटल्यालं. सगळ्यांचंच फाटल्यालं हाय."

"सगळ्यांनी तुरटी न्हाई लावली."

"खडी झाडतो. कायबी करतो. लोखंडाला शिवत न्हाई."

"झाडायला बायका हायत." गोरखशेठ वळला, दोन पावले गेला आणि थांबला. दारात एक भाग साफ करायचा पडलेला होता, संध्याकाळी ट्रेलर येणार होता, आणि नळी धरणारा दुसरा माणूस शेडमध्ये नव्हता. "आजचा दिवस मार. उद्या येऊ नगंस."

हौशीरामने टोप घातला, कोट घातला, हातमोजे चढवले. निलेशने व्हॉल्व्ह उघडला. खडीचा आवाज सुरू झाला की टोपात बाकी काही ऐकू येत नाही. पत्रा हातभर-हातभर उजळत गेला. दुपार कलताना काम संपले. रंगवाले डबे ढवळून उभे होते. हौशीराम थांबला नाही. तो पहिल्या कोपऱ्याकडे गेला आणि साफ झालेलेच पुन्हा साफ करू लागला.

"भाऊ, झालं!" निलेशने हात हलवले. "पत्रा पातळ करतोस का काय? सोड आता."

हौशीरामने नळी अधिक घट्ट धरली. निलेशने गोरखशेठकडे पाहिले. गोरखशेठने मान हलवली, तेव्हा त्याने व्हॉल्व्ह बंद केला. हौशीरामच्या हातातली नळी ढिली पडली. तरी तिचे तोंड त्याने पत्र्यावर तसेच रोखून धरले होते.